पाण्याखालची खोली

बाल्कनी मिळत असताना ती सोडून बिनखिडकीची खोली मागणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि नेमका तो माझ्याच वाट्याला आला. इंदापूरचे इब्राहिमभाई. त्यांचं तिकडं पाण्याच्या मोटरींचं दुकान, माझं बारामतीत पाइपचं. दोघंही एकाच कंपनीचे डीलर. शेतकरी माझ्याकडं आला की मी म्हणायचो, मोटर इब्राहिमभाईंकडून घे. त्यांच्याकडं गेला की ते म्हणायचे, पाइप दादासोकडनं घ्या. दादासो म्हणजे मी. तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको.

सत्त्याण्णव साल असेल. त्या काळात कंपन्यांना एक खूळ लागलं होतं. ज्याचा माल जास्त खपेल त्या डीलरला परदेश दाखवायचा. खताच्या दुकानदारांनी बँकॉक केलं, सिमेंटवाले दुबईला जाऊन आले, आणि आमच्या कंपनीनं ठरवलं सिंगापूर. नुसतं सिंगापूर नाही, तिथून पुढं तीन दिवस मोठ्या जहाजातून समुद्राची सफर. बायका न्यायच्या नाहीत, एका खोलीत दोन डीलर. बारामती एमआयडीसीजवळच्या एका हॉटेलात कंपनीच्या साहेबानं आम्हाला जेवायला बोलावलं आणि पडद्यावर जहाजाचे फोटो दाखवले.

जहाजावर खोल्या दोन तऱ्हेच्या. एक आतली. चारी बाजूंनी भिंत, खिडकी नाही, दिवा लावला तर उजेड. दुसरी बाहेरच्या अंगाची. काचेचं दार सरकवलं की बाल्कनी, बाल्कनीत दोन खुर्च्या आणि समोर सगळा समुद्र. बाल्कन्या थोड्याच होत्या. त्या वर्षी सगळ्यात जास्त मोटरी खपवल्या होत्या इब्राहिमभाईंनी, म्हणून निवडायचा पहिला मान त्यांचा. त्यांचा जोडीदार मी. मनातल्या मनात मी त्या खुर्चीवर पाय पसरून बसलोसुद्धा होतो.

साहेब म्हणाला, "बोला इब्राहिमभाई, बाल्कनी ना?"

भाई उठून उभे राहिले. उंच, हडकुळा माणूस, बोलताना टोपी हातात घ्यायची सवय. म्हणाले, "न्हाय साहेब, आतली द्या. आन् त्यातबी सगळ्यात खालची कुठली? पाण्याच्या खाली हाय का एखादी?"

सगळे हसले. साहेबानं समजावून सांगितलं की पाण्याखाली इंजिन असतं, माणसांच्या खोल्या वरच असतात. पण सगळ्यात खालच्या मजल्यावर आतल्या बाजूला काही खोल्या आहेत, तिथं शक्यतो कुणी मागत नाही. भाई म्हणाले, "मंग ती द्या." मी तोंड उघडणार, तेवढ्यात सांगवीचा दत्तोबा उठला. त्याचंही पाइपचंच दुकान, आणि माणूस असा की पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उचलेल. म्हणाला, "मग त्यांची बाल्कनी मला लिहा." साहेबानं लिहिलीसुद्धा.

बाहेर आल्यावर मी भाईंना गाठलं. म्हटलं, "भाई, डोकं ठिकाणावर आहे का? दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. समुद्रावर जाऊन खुराड्यात झोपायचं होतं तर इंदापूर काय वाईट होतं?"

ते रागावले नाहीत. त्यांना कधी राग आलेला मी पाहिलाच नव्हता. म्हणाले, "तुमी जावा की दत्तोबासंगं बाल्कनीत. त्याचा जोडीदार कोन हाय त्याला सांगू. न्हायतर मी एकटा ऱ्हातो. तुमची मजा माझ्यापायी कशाला घालवू?"

घरी येताना माझा राग थोडा उतरला आणि मला वाटलं, हा माणूस पाण्याला भितो. तसं वाटायला कारणं होती. त्यांचं मूळ गाव भीमेच्या अगदी काठावर. वडील नदीवर डिझेल इंजिन चालवायचे, लोकांच्या मळ्याला पाणी चढवून द्यायचे. इंजिन खोलायचं आणि जोडायचं भाई तिथंच शिकले. मग उजनीचं धरण झालं, भीमेचं पाणी मागं फुगलं आणि गाव पाण्याखाली गेलं. वरच्या माळावर नवं गाव बसलं, नाव तेच. आणि जे पाणी गाव घेऊन गेलं, त्याच पाण्यानं भाईंचा धंदा उभा केला. काठावरच्या एकूणएक माणसाला मोटर हवी झाली. माळरानावर ऊस उभा राहिला. बॅकवॉटरच्या त्या कडेला जितक्या मोटरी बसल्या त्यातल्या निम्म्याच्या वर भाईंच्या दुकानातल्या, आणि त्या मोटरींना जोडलेले पाइप माझे.

पण मोटर बसवायला भाई कधी पाण्यापर्यंत जात नसत. मिस्त्रीला खाली पाठवायचे आणि आपण वर, जिथं पाइपातून पाणी पडतं त्या टोकाला थांबायचे. मोटर दुकानात चालवून बघायला एक हौद असतो. सगळ्यांचा उघडा असतो, यांच्या हौदावर कायम फळ्या टाकलेल्या. लोक म्हणायचे, भाई नीटनेटके आहेत. मीही तेच म्हणायचो.

जायच्या आठवडाभर आधी मी इंदापूरला गेलो, म्हटलं शेवटचं सांगून बघावं. दत्तोबाकडून बाल्कनी परत घेता आली असती, त्याच्या नरड्यातून काढली असती मी. भाई दुकानात होते, घरी परवीनभाभी होत्या. घर नव्या गावठाणात, उतारावर. तिथल्या सगळ्या घरांची दारं-खिडक्या पाण्याच्या अंगाला, कारण वारा तिकडूनच येतो. एकट्या भाईंच्या घराची ती भिंत कोरी. भाभी चहा ठेवत होत्या आणि स्वयंपाकघर धुरानं कोंदलं होतं.

मी म्हटलं, "भाभी, एक खिडकी पाडून घ्या की."

त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं सांगतीया. ह्या बाजूला खिडकी न्हाय म्हंजी न्हाय. सगळं ऐकतील, पर हे न्हाय." मग चहा गाळता गाळता थांबल्या. "भाऊ, तुमी त्यांच्यासंगंच ऱ्हावा. एकटं सोडू नका. झोपेत बोलत्यात."

"काय बोलतात?"

"पाणी आलं न्हाय. पाणी आलं न्हाय. एवढंच. कवा कवा दुपारी डोळा लागला तरी. शेजारणी हसत्यात, म्हणत्यात भाईंना नळाचीच लई काळजी." भाभी हसल्या नाहीत. "मी इचारलं तर म्हणत्यात, सपान पडलं आसंल. येवढी वर्सं एकच सपान कुनाला पडतंय का?"

आता एवढं ऐकल्यावर कुठली बाल्कनी आणि कुठलं काय. मी भाईंच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "येतो तुमच्याबरोबर तुमच्या बिळात. पण घोरलात तर वर डेकवर नेऊन टाकीन." ते हसले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते काही मला कळलं नाही.

जहाज बघून मात्र सगळे गार झालो. आमच्या साखर कारखान्याची चिमणी झोपवली तरी वर जागा उरेल एवढं ते लांब. आत गालिचे, आरसे, लिफ्ट. दत्तोबा बाल्कनीत गेल्या गेल्या त्यानं कठड्यावर बनियन आणि टॉवेल वाळत घातला, आणि बायकोनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून खात बसला. मी खाली डेकवर दिसलो की वरून हाका मारून दाखवत होता, म्हणजे मी जळावं. मी जळलोच.

आमची खोली सगळ्यात खाली, लांबलचक बोळाच्या टोकाला. दोन पलंग, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, आणि एक न्हाणी. दार लावलं की बाहेर दिवस आहे की रात्र, काही म्हणजे काही कळायचं नाही. मी दारातच म्हटलं, "वा भाई, काय निवड आहे." भाई आत गेले, भिंतीला हात लावला, मग दुसऱ्या भिंतीला, मग खाली जमिनीला. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा तळहात ठेवत होते. मग म्हणाले, "चांगली हाय."

सुरुवातीला कवायत झाली. जहाज बुडालं तर काय करायचं त्याची. सगळ्यांना केशरी जाकिटं दिली, ती गळ्यात घालून ओळीनं उभं राहायचं. दत्तोबा जाकीट घालून फोटो काढून घेत होता. भाईंनी जाकीट हातात धरून ठेवलं, घातलं नाही. तिथल्या बाईनं दोनदा सांगितलं, तरी नाही. पाण्याला भिणारा माणूस सगळ्यात आधी जाकीट घालेल. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली की आपलं काहीतरी चुकतंय, हा माणूस पाण्याला भीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून खाली आलो. वर रणरणतं ऊन होतं, लोक पोहत होते. भाई म्हणाले, "दिवा मालवू का?" मी म्हटलं मालवा. बटन दाबलं आणि असा अंधार पडला की हात डोळ्यापुढं धरला तरी दिसेना. आपल्याकडं एवढा अंधार नसतो. अमावस्येलाही कुठंतरी फट असते, कौलातून काहीतरी येतं. इथं दुपारचे दोन वाजलेले आणि डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. मी कूस बदलली, मला जरा डुलकी लागली असेल. शेजारून आवाज आला.

"पाणी आलं न्हाय."

सावकाश, समजूत घालतात तसा आवाज. मला वाटलं झोपेत आहेत. मी भ्यालो, सरळ सांगतो. दिव्याचं बटन कुठं आहे तेही मला आठवेना.

"भाई," मी म्हटलं.

"जागा हाय मी," ते म्हणाले. "झोपलो न्हाय. म्हणून बघितलं, हितं कसं ऐकू येतं."

"काय चाललंय काय तुमचं? समुद्रावर आणून मला तळघरात कोंडलंय आणि वर हे असलं. सांगायचं असलं तर नीट सांगा, नाहीतर मी चाललो वर दत्तोबाची भाकरी खायला."

मग भाई अंधारातच बोलायला लागले. तोंड दिसत नसल्यामुळंच त्यांना बोलता आलं असावं.

"दादासो, धरणाचं पाणी कुठवर येणार ते दाखवायला सरकारनं आमच्या गावात दगड रोवले हुते. चुन्यानं रंगवलेले. दगड पार वरच्या माळावर. म्हंजी सगळं गाव पाण्यात, देऊळ पाण्यात, कब्रस्तान पाण्यात. एक दिवस सगळी माणसं जमली. हिंदू, मुसलमान, धनगर, सगळी. आमी बांध कोरणारी माणसं. रातीत दगड सरकवला की रान सरकतं, येवढं आमाला ठावं. म्हणलं, हे दगडबी सरकवू. पहारी आणल्या, दगड उपटले आन् खाली आणून रोवले, देवळाच्या आन् कब्रस्तानाच्या खालच्या अंगाला. एक पहार माझ्या हातात हुती."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"साहेब जीपमधनं आले, बघून गेले, काय बोलले न्हाईत. आमाला वाटलं, मान्य झालं. आदी आमी खोटंच बोलत हुतो. मंग हळूहळू आमालाच खरं वाटाय लागलं. ल्हान पोरास्नी सांगायचो, बघ, पाणी ह्या दगडापतुर येणार, वर न्हाय. निम्मं गाव वरच्या माळावर गेलं, तरी निम्मं दगडाच्या भरवशावर बसून हुतं. त्याच उन्हाळ्यात अम्मानं हातरून धरलं."

भिंतीतून एकसारखी घरघर येत होती.

"अम्माला पाण्याचं लई भ्याव. ल्हानपणी तिचा भाऊ तिच्यादेखत लोंढ्यात गेलता. नदीच्या काठावर ऱ्हाऊन ती कवा नदीवर धुणं घिऊन गेली न्हाय. अब्बा आदीच गेले हुते, ते जुन्या कब्रस्तानात. जमातीतली म्हातारी माणसं म्हणली, हिला वर नव्या जाग्यात ठिवू. अम्मानं ते ऐकलं. माझा हात धरला आन् इचारलं, इब्राहिम, हितं पाणी येणार न्हाय ना रं? मी म्हणलं, न्हाय अम्मा, दगड खाली हाय. मंग ती म्हणली, तर मला तुझ्या अब्बांच्या शेजारी ठेव."

"ठेवलं?"

"ठेवलं. आन् त्या पावसाळ्यात पाणी आलं. दगड कुठं हाय, ते पाण्यानं बघितलंबी न्हाय."

मी म्हटलं, भाई, आईच ती, तिला कळलं असणार तुम्ही मुद्दाम फसवलं नाही. ते म्हणाले, "मी मुद्दाम न्हायच केलं. पर तिनं माझ्या शब्दावर जागा निवडली, दादासो. पाणी न बघता निवडली. तुमाला त्या दिवशी राग आला, बाल्कनी का सोडली म्हणून. काठावर बसून पाणी बघून काय कळतंय? ती काय काठावर हाय? ती आत हाय. अंधार केवढा आसतो, वर पाण्याचा आवाज केवढा येतो, एकदा तरी बघावं म्हणलं. तिला तितं ठिवून मी वर वारा खात बसलो, हे बरं न्हाय."

त्यांनी असं म्हटलं आणि मला त्या खोलीत एकदम गुदमरल्यासारखं झालं. आपण जिथं झोपलोय ती जागा काय आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मग?" मी विचारलं. "आला का आवाज पाण्याचा?"

"तेच तर," भाई म्हणाले. "कालधरनं कान लावतोय. पाणी ऐकूच येत न्हाय. तुमीबी ऐका. काय ऐकू येतं?"

मी ऐकलं. पलंगातून, उशीतून, भिंतीतून एकच आवाज येत होता. आमच्या दोघांचा जन्म त्या आवाजात गेलेला. मोटर चालू असल्याचा.

"अब्बांच्या आन् अम्माच्या वरच्या पाण्यात आज पाइप सोडल्यात," ते म्हणाले. "काठानं मोटरी हायती. दिसरात चालू. बहुतेक माझ्याच."

पाइप माझे, हे ते बोलले नाहीत. मला मात्र तेच ऐकू आलं. मी उठलो, भिंत चाचपडत बटन शोधलं आणि दिवा लावला. भाई उताणे पडले होते, हात छातीवर. डोळ्यातून पाणी कानाकडं वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं.

शेवटच्या सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढत दत्तोबाच्या बाल्कनीत नेलं. म्हटलं, एकदा तरी उजेड बघा, नाहीतर परत गेल्यावर भाभी मला विचारतील. दत्तोबानं खुर्चीवरचा टॉवेल उचलून त्यांना जागा केली, एवढी माणुसकी त्याच्यात होती. भाईंनी समुद्राकडं बराच वेळ पाहिलं. ना भीती, ना काही. मग म्हणाले, "हे निस्तं पाणी हाय. ह्याच्याखाली आपलं कोन न्हाय." आणि उठून खाली गेले.

परत आल्यावर लोक मला विचारायचे, जहाज कसं होतं. मी सांगायचो, झकास. पण दुकानात बसलो असताना शेजारी कुणी मोटर सुरू केली की मला तो अंधार आठवायचा. भाईंचा फोन नाही, चिठ्ठी नाही. गिऱ्हाईक मात्र पाठवत होते.

उन्हाळ्यात परवीनभाभींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, एकदा येऊन जावा. लाइट जायची येळ झाली की हे दुकान टाकून निघत्यात. कुठं जात्यात सांगत न्हाईत. लाइट आली की मागारी." मी माझी राजदूत फटफटी काढली आणि इंदापूर गाठलं. भारनियमनाचे दिवस. लाइट कधी जाणार ते सगळ्या तालुक्याला पाठ. मी भाईंच्या दुकानाच्या जरा अलीकडं थांबलो. लाइट जायच्या थोडं आधी भाई सायकलवर बसले आणि त्यांच्या जुन्या गावाच्या वाटेला लागले. जो माणूस मोटर बसवायलाही पाण्यापर्यंत जात नव्हता, तो थेट पाण्याच्या कडेला जाऊन बसला.

पाणी बरंच मागं हटलं होतं, भेगाळलेला गाळ उघडा पडला होता. पण कब्रस्तान अजून पाण्यातच होतं. काठाला मोटरींची रांग, सगळ्या चालू, आवाजानं कान फुटायची वेळ. मी जाऊन शेजारी बसलो. भाई दचकले नाहीत. तोंडाशी हात धरून मोठ्यानं म्हणाले, "लाइट गेली की सगळं थांबतं. तेवढ्यात तिला सांगायचंय."

"मग सांगितलं का नाही अजून?"

"कवाधरनं येतोय. तोंड उघडत न्हाय. तोवर लाइट येती."

तेवढ्यात मानसिंग आला. तिथं जवळच त्याचा ऊस, आणि मोटर भाईंच्याच दुकानातली. तोही मूळचा त्याच बुडालेल्या गावचा, भाईंच्याच वयाचा. मोटरवाला दिसला की शेतकऱ्याला तक्रार आठवतेच, तसं त्यानं सुरू केलं, मोटर तापते, पाणी कमी मारते. भाई मान हलवत राहिले. आणि लाइट गेली.

सगळ्या मोटरी एकदम बंद पडल्या. तशी शांतता मी कधी ऐकली नाही. पाणी काठाच्या दगडांना बारीक लागत होतं, तेवढा आवाज. मानसिंग म्हणाला, "झालं, बोंबला. भाई, कवा येणार म्हणायची आता?"

"मानसिंग, गुमान बस," मी म्हटलं. भाईंचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. हातातली टोपी त्यांनी पिळून काढली होती. ही लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, आणि हा माणूस उद्या पुन्हा इथंच येऊन बसणार, परवा पुन्हा, आणि दुपारी डोळा लागला की पुन्हा तेच म्हणणार. मी त्यांचा दंड धरला आणि खेकसलो, "बोला की आता भाई. लाइट यायच्या आत बोला."

भाईंनी पाण्याकडं पाहिलं.

"अम्मा," ते म्हणाले, "पाणी आलं."

मग म्हणाले, "तू इचारलंस तवा मी न्हाय म्हणलं हुतं. पर पाणी आलं. दगड आमीच सरकवला हुता."

मानसिंगला काय चाललंय ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानंही टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. खाली मान घालून म्हणाला, "काकू, पहार मीबी धरली हुती." भाईंनी दोन्ही हात उचलून, गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती फातेहा म्हणायला सुरुवात केली.

ती पुरी व्हायच्या आत लाइट आली. स्टार्टर सगळे आपोआप चालू होणारे, एकामागून एक मोटरी सुरू झाल्या. मानसिंग उठला, आपल्या स्टार्टरच्या पेटीपाशी गेला आणि त्यानं आपली मोटर बंद केली. भाई ओरडून म्हणाले, "चालू कर, ऊस वाळंल." त्यानं केली नाही. बाकीच्या चालूच होत्या, त्यामुळं काही फरक पडला नाही.

भाई ओठ हलवत राहिले, फातेहा पुरी केली, हात तोंडावरून फिरवले. मग माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "दादासो, ऐकलं आसंल का वो तिनं? लाइट लवकर आली."

मला काय माहीत? मेलेल्या माणसाला काय ऐकू येतं, पाण्याखाली किती येतं, वर एवढ्या मोटरी असताना येतं का, मी कोण सांगणारा. पण ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना दुसरं कुणी विचारायला नव्हतं.

"ऐकलं," मी म्हणालो. "नक्की ऐकलं."

बोलून तर टाकलं. आणि मग मला भाईंनी अम्माला सांगितलेला तो दगड आठवला.